पंचेचाळीस अंश

"नाक खांद्याकडं न्या काका, खांदा नाकाकडं नाही." फिजिओथेरपिस्ट बाईंनी प्लॅस्टिकचा पारदर्शक कोनमापक माझ्या टाळूवर टेकवला होता. एक पट्टी खांद्यांच्या रेषेत, दुसरी नाकाच्या शेंड्याबरोबर सरकणारी. डावीकडे 65 अंश झाले. उजवीकडे 50 पाशी मान अशी अडली, की तोंडातून आवाजच निघाला.

"पंचेचाळीसच्या वर आहे न जी, मग बरंय."

बाई मुलताईच्या. अशोका गार्डनच्या गल्लीत, वाण्याच्या दुकानावर त्यांचा दोन खाटांचा दवाखाना आहे. चार दिवसांपूर्वी प्रभात चौराह्यावर मित्राची गाडी उभी असताना मागून लोडिंग ऑटो येऊन धडकला. मागचा दिवा फुटला, एवढंच. मी तरातरा उतरून यथेच्छ भांडूनही घेतलं. रात्री कूस बदलायला गेलो, तर डोकं उशीवरून उठेना. शेवटी स्वतःचंच डोकं दोन्ही हातांनी धरून उचललं. आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं हे तेव्हा हाताला कळलं.

बाईंनी टेबलावरचा मणक्यांचा सांगाडा हातात घेतला. धक्का बसला की सीट पाठीला पुढं ढकलते आणि डोकं क्षणभर जागेवरच राहतं. मानेचे खालचे मणके मागं वाकतात, वरचे पुढं, म्हणजे मानेचा इंग्रजी 'एस' होतो. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या हिश्शात उरकतं. स्नायू आवळायला सवडच मिळत नाही, म्हणून सगळा ताण सांध्यांच्या वेष्टनावर आणि लिगामेंटवर, म्हणजे अस्थिबंधांवर येतो. अमेरिकेतल्या हॅरॉल्ड क्रो या डॉक्टरांनी 1928 मध्ये याला चाबकाच्या फटक्याचं नाव दिलं. सांगाड्याचे वरचे दोन मणके बाईंनी वेगळे फिरवून दाखवले. मान वळते त्यातलं जवळजवळ निम्मं वळण या एका जोडीत असतं. दुसऱ्या मणक्याची दातासारखी खुंटी पहिल्याच्या कड्यात बसते आणि तिला मागून एक आडवा अस्थिबंध धरून ठेवतो. तो तुटला तर खुंटी सरळ मज्जारज्जूवर येते.

मी एक्स-रेचा विषय काढला. त्यावर पंचेचाळीसचा उलगडा झाला. कॅनडातल्या डॉक्टरांनी 2001 मध्ये एक नियम बसवला. वय 65 च्या आत, हातापायांना मुंग्या नाहीत, उंचावरून पडणं किंवा जोराची धडक नाही, साधा मागून बसलेला धक्का आणि मान दोन्हीकडे 45 अंश स्वतःहून वळते आहे, तर एक्स-रेची गरज नाही. शिवाय साध्या एक्स-रेत अस्थिबंध दिसतच नाहीत. औषधाच्या दुकानातून मी ऐटीत आणलेला पट्टा बाईंनी सोडवून माझ्याच पिशवीत टाकला. मान बांधून ठेवली की ती आखडते आणि स्नायू आळशी होतात म्हणे.

मग उताणं झोपवलं. मानेखाली ब्लडप्रेशर मोजायचा पट्टा घडी करून सरकवला आणि 20 पर्यंत हवा भरली. "डोकं उचलायचं नाही. नुसतं हो म्हणायचं, हळूच. काटा 22 वर आला की दहा आकडे मोजा." मी हो म्हटलं, काटा टुणकन 34 वर. मी गळ्यापुढचे मोठे स्नायू ताणत होतो. ज्यांनी काम करायचं ते मणक्यांना चिकटलेले आतले बारीक स्नायू झोपलेले. हनुवटीची ती हालचाल जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी, पण पंधरा मिनिटांत कपाळावर घाम आला. शेवटी 22 वर काटा टिकला, सहा आकड्यांपुरता.

निघताना बाईंनी विचारलं, न्हाव्याकडून मान मोडून घेता का? वीस वर्षं घेतोय. दाढीनंतर तो कट्ट करतो आणि मला दाढीपेक्षा तेच आवडतं. बाईंचा चेहरा उतरला. अशा झटक्यानं मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटू शकतं. 2017 मध्ये दिल्लीकडच्या एका माणसाला मालिश आणि मान मोडणं एवढं महागात पडलं, की श्वासपटल चालवणाऱ्या नसा दुखावल्या आणि त्याला श्वासासाठी यंत्र लागलं. त्या नसा मानेतूनच निघतात.

खाली मित्र गाडी घेऊन थांबला होता. हेडरेस्ट हे डोकं टेकून डुलक्या काढायला असतं, असा माझा आजवरचा समज. ते खरं तर डोकं मागं जाण्याआधी अडवायला असतं. वरची कड टाळूच्या पातळीला हवी आणि डोक्यामागचं अंतर शक्य तितकं कमी. माझ्या सीटचं हेडरेस्ट तळाशी बसलेलं, वरचं कारखान्याचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. बटण जाम. दोघांनी मिळून हिसके दिले (मी एकाच बाजूला वळून), तेव्हा कुठं ते करकरत वर आलं.

"आता तुझं," मी म्हणालो.

"माझ्या मानेला काय झालंय?" म्हणत त्यानं गाडी सुरू केली.