पाव गोड नसतो, तरी...

‘मी चहात साखर घेत नाही’ म्हणत दोन-तीन पाव सहज रिचवणारे मधुमेही घरोघरी सापडतात. पाव जिभेला गोड लागत नाही, इतकंच. मैद्यातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच लांब साखळ्या. त्या तुटायला वेळ लागत नाही. पावाचा घास बराच वेळ चघळला तर तोंडातच गोडसर लागतो, तो त्यामुळे.

टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी 1981 मध्ये ग्लायसेमिक इंडेक्स मांडला, म्हणजे कोणता पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो याचं माप. ग्लुकोजला 100 धरलं, तर पांढरा ब्रेड 75 च्या आसपास आणि आपली साधी साखर 65 च्या! कारण साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज. तो आधी यकृताकडे जातो, रक्तातली साखर लगेच वाढवत नाही. (अति झाला की यकृतावर चरबी मात्र चढवतो.)

म्हणजे कोल्ड्रिंक बरं? छे! 300 मिली कोलात 30 ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे सहा-सात चमचे. पातळ असल्याने ते पोटात थांबत नाही, पोट भरल्यासारखंही वाटत नाही. पावाबरोबर निदान उसळ तरी असते. कडधान्यातले तंतू आणि प्रथिनं साखरेची चढण मंदावतात. ब्राऊन ब्रेडवर विसंबू नका. पाकिटामागे पहिलं नाव अनेकदा मैद्याचंच असतं, रंग कॅरॅमलचा.

एकाच प्रसंगी कोल्ड्रिंक औषध ठरतं. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर 70 च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरू लागले आणि माणूस शुद्धीवर असेल, तर दीडशे मिली साधा कोला द्यावा, डाएट नव्हे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी.