आमवात : केवळ सांध्यांचा नव्हे, सर्व देहाचा व्याधी

प्रवराकाठच्या कोल्हार परिसरात ऊस-कांद्याच्या शेतीत राबणारा रुग्ण ‘संधिवात झाला’ असे सांगत येतो, तेव्हा निदान अजून व्हावयाचेच असते. संधिगतवात, वातरक्त व आमवात या तिन्हींना लोकभाषेत एकच नाव आहे. चिकित्सा मात्र भिन्न आहे.

आमवाताचे स्वतंत्र निदान माधवकरांनी माधवनिदानात मांडले. मंदाग्नीतून उत्पन्न झालेला आम वायूच्या प्रेरणेने श्लेष्मस्थानी, विशेषतः संधींत, स्थिरावतो. अंगमर्द, अरुची, गौरव व ज्वर ही लक्षणे संधिशोथाबरोबरच सांगितली आहेत. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी या व्याधीचे पुष्कळ साम्य आहे.

आधुनिक मतानुसार या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते. सांध्याचे अस्तर सुजून जाड होते आणि कूर्चा व अस्थी कुरतडू लागते. एकदा झिजलेले हाड पूर्ववत होत नाही. पांडुता, नेत्रांची शुष्कता, फुप्फुसांचा विकार व हृद्रोगाचा वाढता धोका हेही याच व्याधीचे परिणाम होत.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालेल्या सर्वेक्षणात प्रौढांमध्ये या विकाराचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. म्हणजे दुखणारे सांधे पुष्कळ, पण आमवात त्यांतील थोड्यांनाच. तो वेळीच निवडून काढणे हे आपले कर्तव्य होय.

हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजलेले, सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक आणि हे सर्व सहा आठवडे टिकलेले असेल, तर आमवाताची शंका घ्यावी. आर. ए. फॅक्टर व अँटी-सीसीपी या तपासण्या साहाय्यक ठरतात. पहिली नकारार्थी आली म्हणून व्याधी नाही असे मानू नये. अशा रुग्णास प्रारंभीच्या काही महिन्यांतच संधिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. लंघन, दीपन-पाचन, वालुकास्वेद, एरंडस्नेह हा आपला क्रम सामावस्थेचा विचार करून योजावा. सामावस्थेत स्नेहाभ्यंग टाळावा.

औषधविक्रेत्या बंधूंस दोन विनंत्या. मेथोट्रेक्सेट हे औषध या विकारात आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतल्यास ते प्राणघातक ठरू शकते. देताना वार लिहून द्यावा. दुसरे असे की, घटकद्रव्ये, परवाना क्रमांक व बॅच क्रमांक नसलेली ‘संधिवाताची पुडी’ दुकानात ठेवू नये. दोन दिवसांत उतार देणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड असू शकते. ती दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णास एकाएकी बंद करावयास सांगणेही घातक असते. त्यास तज्ज्ञाकडे पाठवून मात्रा क्रमाने कमी करवावी.

वेदना शमली म्हणजे व्याधी शमला असे नव्हे. रुग्णाची मूठ पुढील वर्षीही वळावी, हेच आपल्या चिकित्सेचे प्रमाण मानावे.