घर बांधणाऱ्याचे मोजमाप

निपाणीच्या आसपास कोणी घर बांधावयास काढले, की त्याच्या दारी मोजमापाच्या तीन भाषा एकदम बोलू लागतात. जमीन विकणारा गुंठ्यात बोलतो, इंजिनियराचा नकाशा मीटरमध्ये असतो आणि वाळूवाला ब्रास सांगतो. बेळगावच्या मुलखात दोन भाषांची सवय सर्वांनाच आहे. परंतु या तीन भाषांतला व्यवहार नीट कळला नाही, तर जन्मभर साठविलेल्या पैशाला कोठे गळती लागली, हे घरधन्यास कधीच समजत नाही.

या गोंधळास इतिहास आहे. बेळगाव व निपाणी मुंबई इलाख्यात असताना तेथील जमीन ३३ फुटी साखळीने मोजली गेली. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा. म्हणून गुंठ्याचे १०८९ चौरस फूट होतात आणि ४० गुंठ्यांचा एकर होतो. १९५६ च्या नोव्हेंबरात हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्याच वर्षी संसदेने दशमान वजना-मापांचा कायदा संमत केला. राज्य बदलले, कायद्याचे माप बदलले. पण गवंड्याच्या हातातली फूटपट्टी मात्र राहिली. मराठीतला गुंठा कन्नडमध्ये गुंटे झाला, तरी त्याचे क्षेत्र तेच आहे. मात्र नव्या वसाहतींत ३० फूट × ४० फूट असे भूखंड पाडतात, त्यांचे १२०० चौरस फूट होतात. असा भूखंड व गुंठा हे एकच समजणाऱ्याची १११ चौरस फुटांची चूक होते.

सर्व हिशेबाचे मूळ एका गोष्टीत आहे. लांबी एकदा मोजावयाची, क्षेत्रफळासाठी दोन मापे गुणावयाची आणि घनफळासाठी तीन. म्हणून एकेरी मापाचा आकडा क्षेत्रफळास किंवा घनफळास लावून चालत नाही. एका मीटरचे ३.२८ फूट होतात. पण एका चौरस मीटरचे १०.७६ चौरस फूट आणि एका घनमीटरचे ३५.३१ घनफूट होतात. अंदाजपत्रकात ६ घनमीटर वाळू लिहिली असेल, तर ती सुमारे २१२ घनफूट होय. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ही वाळू दोन ब्रासांहून थोडी अधिक झाली. उलट बाजूने एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर.

हा ब्रास शब्द मोठा फसवा आहे. वाळू, खडी, दगड यांचा ब्रास शंभर घनफुटांचा. गिलाव्याचा किंवा फरशीचा ब्रास मात्र शंभर चौरस फुटांचा. अर्धा इंच जाडीचा एक ब्रास गिलावा करावयाचा, तर भिंतीवर बसणारा माल अवघा चार घनफुटांच्या थोडा वर भरतो. तेव्हा गिलाव्याच्या प्रत्येक ब्रासाला एक ब्रास वाळू मागविणारा मनुष्य दारात टेकडी उभी करील.

दुसरी चूक इंचांची. २० फूट लांब, १० फूट रुंद खोलीवर ५ इंच जाडीचा स्लॅब घालावयाचा आहे. वीस गुणिले दहा गुणिले पाच असे करून हजाराचा आकडा आला, तर तो दहा ब्रास नव्हे. इंचांचे आधी फूट केले पाहिजेत. हजाराला बाराने भागले, की ८३ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासाहून थोडे जास्त काँक्रीट, हे खरे उत्तर मिळते.

आता ट्रॉलीकडे वळावे. हौदा आतून १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि वाळू सपाट करून २ फूट उंच भरली, म्हणजे बरोबर एक ब्रास होतो. तीच वाळू दोन इंच खाली राहिली, तर डोळ्यास फरक जाणवत नाही. पण तेथे ८ घनफुटांहून अधिक वाळू कमी पडते. अशा बारा खेपा झाल्या, की पुरा एक ब्रास नाहीसा होतो आणि त्याचे पैसे मात्र दिलेले असतात.

खानापूरकडील जांभ्याच्या मुलखात चिरा नगावर घेतात, तेथे तर तिन्ही मापे पाहावी लागतात. समजा, एक चिरा १४ इंच लांब, ९ इंच रुंद व ७ इंच उंच आहे. दुसरा प्रत्येक बाजूने केवळ एक इंच कमी, म्हणजे १३, ८ व ६ इंचांचा आहे. पहिल्यात ८८२ घनइंच दगड, तर दुसऱ्यात ६२४. दिसावयास इंचाचा फरक, पण शंभरातला एकोणतीस भाग दगड गेला.

वाळू ओली असेल, तर आणखी एक सावधगिरी हवी. थोड्या ओलाव्याने कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण दूर सरतात आणि वाळू फुगते. बारीक वाळू चौथाईनेही फुगू शकते. याची परीक्षा घरच्या घरी होते. सरळ बाजूंच्या डब्यात ओली वाळू २० सेंटिमीटरपर्यंत, न दाबता, भरावी. मग ती काढून घेऊन डबा पाण्याने अर्धा भरावा, तीच वाळू त्यात हळूहळू टाकून ढवळावी व बसू द्यावी. ती १६ सेंटिमीटरवर आली, तर जेथे चार घनफूट वाळू हवी, तेथे तशी ओली वाळू पाच घनफूट घ्यावी लागेल.

घर बांधणाऱ्याजवळ टेप, पेन्सिल आणि वही एवढी सामग्री पुरे. माल खाली ओतण्यापूर्वी हौद्याची तीन मापे वाळूवाल्यासमक्ष घ्यावी, सर्व एकाच परिमाणात लिहावी आणि मग गुणावी. अशा मोजणीने प्रामाणिक व्यापाऱ्यास वाईट वाटण्याचे कारण नाही. ढीग एकदा ओतला, की मग वाद उरतो, माप उरत नाही.