करवत दुसऱ्यांदा हरवू नये

अलिबागचा कुलाबा किल्ला किंवा मुरूडचा जंजिरा पाहायला गेलात, तर तटाखालच्या काळ्या खडकाकडेही लक्ष द्या. हा बेसॉल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. त्याच सुमारास जगातल्या समुद्रांतून करवतीसारख्या लांब तोंडाच्या माशांचा एक गट कायमचा संपला. स्क्लेरोऱ्हिंकस हा त्यांतला एक.

लाव्हाच्या खडकात मासे जपले जात नाहीत. त्यामुळे यांचे जीवाश्म पाहायचे तर लेबनॉन, मोरोक्को किंवा इजिप्तकडे वळावे लागते. लेबनॉनच्या चुनखडीत अख्ख्या माशाचे ठसे मिळाले. इतरत्र बहुधा सुटे दातच हाती लागतात. हे मासे आपल्या पाकटाचे दूरचे नातेवाईक. त्यांचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. आपल्या नाकाचा शेंडा असतो तसा. कूर्चा लवकर कुजते, दात टिकतात. जळालेल्या मृतदेहाची ओळख दातांवरून पटवता येते, तीही दात इतके चिवट असतात म्हणूनच.

आजचा करवत मासा मात्र त्यांचा वंशज नाही. त्याच्या करवतीचे दात खोबणीत पक्के बसलेले असतात आणि मुळाकडून आयुष्यभर वाढतात. जुन्या माशांचे दात गळत आणि त्या जागी नवे येत. गरज सारखी, म्हणून निसर्गाने तेच हत्यार पुन्हा घडवले.

हे हत्यार मोठे नाजूक आहे. ईसीजी यंत्र छातीवरून हृदयाची क्षीण वीज टिपते, तशी ही करवत गढूळ पाण्यातल्या भक्ष्याची वीज टिपते. पण तीच करवत जाळ्यात अडकते आणि सुटता सुटत नाही. त्यात पिल्ले थोडी आणि वाढ सावकाश. जगात उरलेल्या पाचही जाती आज संकटात आहेत. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने करवत माशाला संरक्षण दिले आहे. त्याला मारणे, विकणे किंवा त्याची करवत बाळगणे गुन्हा आहे.

जाळ्यात करवत मासा आलाच, तर करवतीच्या झटक्यापासून हात-पाय लांब ठेवा, तो पाण्यात असतानाच जाळे कापून त्याला सोडा आणि वनविभागाला कळवा. जुना गट संपला तेव्हा पृथ्वीवर महासंकट कोसळले होते. या वेळी तसे काहीच लागणार नाही. आपली जाळी पुरेशी आहेत.