लांबचा नेम आणि घाई

कॉटन ग्रीन म्हटले की कापसाच्या गाठी आठवतात. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कुलाब्याचा कापूसबाजार शिवडीलगत आला, त्याबरोबर हे नावही आले. गाठींचा तो राबता आता ओसरला आहे. याच भागातील एका पटांगणावर परवा आम्ही दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बास्केटबॉल खेळताना पाहिली. ती दूरच्या रेषेवरून चेंडू टाकी, तो कड्याअलीकडेच पडे आणि वडील ओरडत, "जोर लाव, जोर!" प्रत्येक खेपेस तिचा खांदा अधिकच वाकडा होई.

वडिलांचा हेतू चांगला होता. उपाय मात्र चुकीचा होता. नागपाड्यात वाढलेले अब्बास मुंतसिर यांना १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, त्या काळी दूरच्या टोल्यासही दोनच गुण मिळत. आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा १९८४ साली आली. ती प्रथम ६.२५ मीटरवर होती, २०१० पासून ६.७५ मीटरवर आहे. तेव्हापासून प्रत्येक मुलास तिथूनच आरंभ करावासा वाटतो.

परंतु लांबच्या नेमाचे मर्म जोरात नसून कमानीत आहे. गोल ताट तिरपे धरले म्हणजे लांबट दिसते, तसेच कड्याचे होते. कड्याचा व्यास ४५ सेंटिमीटर, पुरुषांच्या चेंडूचा सुमारे २४. चेंडू ४५ अंशांनी उतरला तर त्यास जवळजवळ ३२ सेंटिमीटरची वाट मिळते. ३० अंशांनी आला तर साडेबावीसच, म्हणजे तो सरळ आत शिरणेच अशक्य! लहान मुलाचा हात खाली व कडे उंच, म्हणून त्याची कमान अधिकच उंच हवी.

ही कमान दंडाने येत नाही. गुडघे वाकवून सरळ करताना जमिनीकडून मिळणारा रेटा कमरेतून कोपरात व तेथून मनगटात पोहोचला पाहिजे. दुसरा हात केवळ आधाराचा. चेंडू बोटांच्या टोकांवरून सुटावा, उलटा फिरत जावा आणि मनगट शेवटी पुढे झुकलेले राहावे.

हे वळण लागावयाचे ते जवळून. कड्यापासून दीड-दोन मीटरवर उभे राहावे. दहांपैकी आठ चेंडू सहज पडू लागले म्हणजे एक पाऊल मागे जावे. वळण बिघडले की पुन्हा पुढे यावे. लहानांकरिता पाच क्रमांकाचा हलका चेंडू असतो आणि त्यांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये कडेही ३.०५ ऐवजी २.६० मीटरवर असते, याचा आपणांस विसर पडतो.

न राहवून आम्ही म्हणालो, "अहो, तिला जरा पुढे घ्या."

"पुढून काय, कोणीही टाकील!" ते हसून म्हणाले.

मुलीने मात्र हळूच विचारले, "बाबा, मी पुढूनच टाकू?"

या प्रश्नास कोणते उत्तर मिळते, यावर तिचा खांदा आणि खेळाची गोडी ही दोन्ही अवलंबून आहेत. अभ्यास असो वा खेळ, मुलांस मागच्या रेषेवर उभे करण्याची आपणां पालकांस फार घाई असते. त्या दिवशी ती चार पावले पुढे आली. तिसरा चेंडू जाळीतून खाली पडला आणि चौथा मागण्यासाठी तिने वडिलांपुढे हात केले.