दुकानाचा फोन कोण घेणार?

वडोदऱ्यासारख्या शहरांतील अनेक मराठी घरांत मसाले, फराळ, शिवणकाम असे लहान व्यवसाय चालतात. हात कामात गुंतलेले असतात आणि फोन वाजत राहतो. कंटाळलेले गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. अशा वेळी मोबदला घेऊन आपले फोन घेणाऱ्या सेवेचा आधार होतो. मात्र करारापूर्वी पंधरा दिवस वहीत नोंद ठेवावी, असे आम्ही सुचवू.

समजा, रोज २० फोन येतात आणि त्यांतील १० सुटतात. प्रत्येकी २ मिनिटे धरली, तर २५ दिवसांची ५०० मिनिटे होतात. तेवढ्याचाच करार करावा. १ मिनिट १० सेकंदांचे बोलणे २ मिनिटे धरतात काय, हे आधी विचारावे. १,००० रुपयांच्या आकारावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून १,१८० रुपये होतात. कराची नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला ते १८० रुपये परत मिळत नाहीत. १८०० ने सुरू होणारा क्रमांक घेतल्यास गिऱ्हाइकाच्या फोनचा खर्चही आपल्याच माथी येतो.

दुकानाची वेळ सांगायला यंत्राचा आवाज पुरतो. फराळाची मागणी नोंदवायला माणूसच हवा, आणि त्याला गुजराती, हिंदी व मराठी समजायला हवी. स्वतः अनोळखी गिऱ्हाईक होऊन एकदा फोन करून पाहावा. सुटणाऱ्या मागण्यांतून होणारा नफा या खर्चाहून कमी भरत असेल, तर घरातच फोनची पाळी लावणे शहाणपणाचे.