‘मिस यू’ म्हणजे बस चुकणं नव्हे!

मैत्रिणींनो, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. आम्ही त्याआधीच्या, थेट पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या. व्याकरण पाठ, पण बोलायचं म्हटलं की दातखीळ! म्हणून धाराशिवच्या आम्ही पाचजणी दुपारी तासभर बसून रोजची इंग्रजी वाक्यं शिकतोय.

शब्दाला शब्द लावला की फसगत ठरलेली. ‘पीस ऑफ केक’ म्हणजे आपला डाव्या हाताचा मळ. ‘वन्स बिटन, ट्वाइस शाय’ म्हणजे दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पिणं. (ताकाची सर त्या चाव्याला नाही, हे माझं मत!) ‘पुलिंग माय लेग’मध्ये नुसती चेष्टा, आपल्याकडं पाय ओढणारे निराळेच. आणि ‘यू आर वेलकम’ला चहा टाकायचा नसतो, ते ‘थँक यू’चं उत्तर.

आमच्यातल्या एकीचा नातू पुण्यात इंग्रजी शाळेत. फोनवर म्हणाला, “आजी, आय मिस यू.” तिला ‘मिस’ म्हणजे बस चुकणं एवढंच ठाऊक. ती गप्पच राहिली. दुसऱ्या दिवशी अर्थ कळला, तसा पदर डोळ्याला लावला. मग विचारते, “उत्तर काय देऊ गं?”

‘मिस यू टू’ सांगितलं.

“टू म्हणजे दोनदा?”

म्हटलं, दोनदा म्हण, चालतंय!